खरवडण्याआधी : जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीची प्रस्तावना

धावड्यासारख्या गावात ‘तुमच्याकडे जुने फर्निचर आहे का’ असे विचारले, तर बहुतेक घरांतून ‘नाही’ असेच उत्तर येईल. फर्निचर म्हणजे सोफा, शोकेस, डायनिंग टेबल, अशी आपली समजूत झाली आहे. पण अडगळीच्या खोलीत पाळणा असतो आणि त्यात बियाण्याच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. आजेसासूच्या लग्नातली पेटी असते, तिच्या कोयंड्याला गंज चढलेला असतो. एक पाय निखळलेला चौरंग, नवार गेलेला पलंग, न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलेले पाट असतात. हे पुस्तक त्या सामानाबद्दल आहे.

मराठवाड्याच्या माळवदी घरात सामान मुळातच थोडे. बसायला ओसरी आणि ढाळज, निजायला बाज किंवा घोंगडी, वस्तू ठेवायला भिंतीतले कोनाडे आणि फडताळे, धान्याला कणगी, जेवायला पाट. चांगले सागवान आणले की ते आधी घराला लागे: खांब, तुळया, दाराची चौकट. सुताराची नक्षीही तिथेच, खांबाच्या माथ्यावर आणि गणेशपट्टीवर उतरे. त्यातून जी पेटी, जो पाळणा, जो देव्हारा घडला तो घराच्या खांबाइतकाच टिकावा या हिशेबाने घडला. म्हणूनच आज साठ-सत्तर वर्षांची पेटी उघडली तर तिचे झाकण अजून चपखल बसते, आणि तिच्यावर ठेवलेल्या पाच वर्षांपूर्वीच्या भुशाच्या बोर्डाच्या कपाटाची दारे मात्र लोंबकळत असतात. मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘अँटिक’ म्हणून मिरवणाऱ्या कोरीव कोचांवर भरपूर लिहिले गेले आहे. आपल्या पट्ट्यातल्या या साध्या, कमी उंचीच्या, जमिनीशी सलगी असलेल्या सामानाकडे फार कमी जणांनी पाहिले. मला ते खटकत आले आहे.

धावडा ज्या तालुक्यात येतो त्या भोकरदनची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. केळणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवरच्या दानलेखांत इथल्या दात्यांची नावे आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे जवळचे साम्य आहे ते थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, आणि ती मूर्ती तिथल्या एका घरात १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात हाती आली. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर, डोक्यात वरून खाली पाडलेले भोक. कुणी तिला आरशाची मूठ म्हटले. पण त्या भोकामुळे अनेक अभ्यासकांना ती एखाद्या छोट्या मेजाचा किंवा आसनाचा पाय वाटते. तसे असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या कारागिरीशी नाते सांगणारे बैठकीचे सामान रोमन माणसाच्या घरात होते. अजिंठ्याची लेणी इथून लांब नाहीत. तिथल्या भित्तिचित्रांत राजे-राण्या ज्या आसनांवर रेलून बसल्या आहेत त्यांचे पाय नीट पाहा. कातलेले, वळ्यावळ्यांचे पाय आहेत ते.

ती आसने आज कुठे आहेत? गेली. अफगाणिस्तानात बेग्रामला फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९३७ आणि १९३९ मध्ये दोन बंद खोल्या उघडल्या. त्यांत भारतीय घडणीच्या आसनांवरचे हस्तिदंती काम सापडले, पण ज्यावर ते बसवले होते ते लाकूड कुजून मातीत मिसळले होते. दाताच्या पट्ट्या कुठे पडल्या होत्या त्यावरून आसनांचा आकार जुळवावा लागला. आणि याच्या उलट टोकाला कार्ले आणि भाजे. तिथल्या चैत्यगृहांच्या छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे तशाच आहेत. भाज्याच्या फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरेही सापडली. सह्याद्रीचा पाऊस बाहेर कोसळत असताना हे लाकूड टिकले, कारण ते कोरडे राहिले, त्याला हवा लागत राहिली आणि जमिनीची ओल त्याच्यापर्यंत पोचली नाही. दुरुस्तीचा पहिला धडा तिथे छताला टांगलेला आहे. पेटी ज्या कोपऱ्यात कुजली त्याच कोपऱ्यात दुरुस्तीनंतर परत ठेवायची असेल, तर दुरुस्तीला हात घालू नये. आधी तो कोपरा कोरडा करावा, पेटीखाली दोन विटा द्याव्यात, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली की कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, आणि आपल्या कोरड्या पट्ट्यात हे साधणे कोकणाच्या मानाने खूप सोपे आहे.

ओल, वाळवी, भुंगेरा, आग, हे लाकडाचे जुने शत्रू. गेल्या काही दशकांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे, ती म्हणजे वस्तू ‘नवीकोरी’ करून टाकण्याचा उत्साह. प्रेमापोटीच होते हे सगळे. आजीची पेटी सापडते, घरातल्यांना भरून येते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर घासायचे मशीन फिरते. तासाभरात लाकूड पिवळेधमक. वर मेलामाइनचा चकचकीत थर. कुलपाभोवती बोटांनी घासून घासून आलेली काळसर झाक, झाकणाच्या कडेला बांगड्यांनी पडलेल्या बारीक रेघा, सुताराच्या रंध्याच्या लाटा, सगळे भुशाबरोबर केरात जाते. वाळवीने खाल्लेला पाय बदलता येतो. मशीनने खाल्लेला पृष्ठभाग परत आणायला कुठलाही मार्ग नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली, ती याच रागातून. चर्चच्या भिंती खरवडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याची लाट आली होती तेव्हा. त्या संस्थेचे टोपणनावच होते ‘खरवडविरोधी’. दगडी चर्चला जे लागू, ते धावड्यातल्या पेटीलाही तितकेच लागू आहे, असे मी मानतो.

आपल्याकडे दुरुस्ती ही कुणाची हौस नव्हती, ती गावगाड्याच्या हिशेबात बसवलेली होती. सुतार हा बारा बलुतेदारांतला. नांगर, वखर, तिफण नीट ठेवण्याबद्दल त्याला सुगीला धान्याचा वाटा मिळे, लाकूड शेतकऱ्याचे असे, आणि त्या पलीकडचे काम, म्हणजे घर, गाडी, पलंग, यांचा मोबदला वेगळा ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे १९१५ चे पुस्तक वाचले की या व्यवस्थेची बरीवाईट दोन्ही अंगे दिसतात. जन्मावरून धंदा ठरवणारी ती रीत अन्यायाची होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण तिच्यातली एक गोष्ट मात्र धंद्याचे ज्ञान म्हणून जपण्याजोगी आहे. ज्याने वस्तू केली तोच ती पुढे वीस-तीस वर्षे दुरुस्त करणार होता, म्हणून तो ती उकलता येईल अशी करी. जुन्या पलंगाचा पाय घ्या. कुसू भोकात बसवलेले, आडवी लाकडी खुंटी ठोकलेली. खुंटी उलट बाजूने हलकेच ठोकली की बाहेर येते आणि चारही बाजू सुट्या होतात. पेटीच्या कोपऱ्यांना एकमेकांत गुंतलेले दात. खिळा कमी, आणि असलाच तर बहुधा नंतर कुणीतरी घाईत मारलेला. जुने सामान समोर आले की मी आधी हे खिळे मोजतो. वस्तूवर किती हात फिरले, कुठे पहिल्यांदा डुगडुगायला लागली, कुणी मन लावून दुरुस्त केली आणि कुणी वेळ मारून नेली, हे त्यांवरून कळते.

सांध्यांचा विषय निघाला आहे तर सरसाबद्दल थोडे. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस पाण्यात भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवत. वास येई, रोज नवा करावा लागे, पावसाळ्यात त्याला ओल धरे. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आले आणि सुतारांची या कटकटीतून सुटका झाली. नव्या कामाला हा पांढरा गोंद उत्तमच आहे. जुन्या सांध्यात मात्र जपून. सरस ऊन पाण्याने, वाफेने सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस लावला तर दोघे एकजीव होतात. पांढऱ्या गोंदाचे तसे नाही. त्याच्या वाळलेल्या पापुद्र्यावर दुसऱ्यांदा काहीच नीट धरत नाही, म्हणून पुढच्या माणसाला तो खरवडावा लागतो आणि त्याबरोबर कुसूही बारीक होत जाते. या पुस्तकात सरस करण्याची पद्धत सविस्तर दिली आहे ती जुन्याच्या मोहापायी नाही. आपण केलेले काम आपल्यानंतरच्या कारागिराला लाकूड न दुखवता उलगडता आले पाहिजे, एवढी एकच अट मी दुरुस्तीला घालतो, आणि पुढची सगळी प्रकरणे त्या अटीभोवती रचलेली आहेत.

ही अट सर्वांत सुंदर रीतीने पाळते ती लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखा थर करतात. तो खरवडून, धुऊन, वितळवून चपडी होते. आपल्याच विदर्भात, गोंदियाकडे, लाख काढली जाते, आणि रांचीला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्यावर मऊ सुती कापड गुंडाळायचे, आणि पातळ, अगदी पातळ थर एकावर एक चढवत जायचे. आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते हेच. ब्रशने दोन जाड हात मारून हे होत नाही, त्याला दंडाची ताकद आणि मनाची शांतता लागते. बोळा सुटलेल्या गाडीसारखा चालता राहिला पाहिजे, मध्येच थांबला की तिथे चिकटलाच.

लाखेचा खरा मोठेपणा दुरुस्तीत कळतो. ती स्पिरिटात विरघळते आणि शंभर वर्षांनीही विरघळते. पेटीच्या आतल्या कडेला, जिथे कुणाचे लक्ष जात नाही, तिथे कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून ठेवून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तांबूस रंग आला, तर वर लाख आहे. मग खरवडायची गरजच उरत नाही. आधी साध्या ओलसर फडक्याने, पाणी घट्ट पिळून, धूर-तेलाची पुटे काढावीत. देव्हाऱ्यावर तर समईची काजळी इंचभर वाटावी इतकी बसलेली असते. मग स्पिरिटने ओलसर केलेला बोळा अलगद फिरवला की जुनी लाख किंचित हलते, तडे मिटतात, पांढुरके डाग विरतात, आणि तिच्यावर नव्या लाखेचा पातळ हात दिला की जुना रंग खालून वर येतो. आजोबांच्या काळचे पॉलिश जागच्या जागी राहते. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन एकदा लागले की ही सोय संपते, कारण ते थर वाळताना रासायनिकदृष्ट्या बदलतात आणि स्पिरिटाला दाद देत नाहीत. जेवणाच्या टेबलाला, ज्यावर रोज गरम भांडी येतात, ते लावायला माझी हरकत नाही. पेटीला, देव्हाऱ्याला, पाळण्याला लावू नये, असे मी आग्रहाने सांगतो. आणि स्पिरिटचे काम चूल, गॅस, उदबत्ती यांपासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

पाळण्याचा उल्लेख आला म्हणून एक गंभीर गोष्ट. कातारी लाकूड चरकावर फिरवत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. सावंतवाडीची लाकडी फळे-खेळणी ज्यांनी हाताळली आहेत त्यांना या कामाची झळाळी माहीत आहे. असा जुना लाखेचा पाळणा फक्त पुसावा. पण मागच्या पन्नास वर्षांत बहुतेक पाळण्यांवर, पलंगांवर घरगुती तेलरंग फासले गेले आहेत, आणि त्यांत शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नये. ओला करून, मास्क लावून, मुलांना दूर ठेवून काढावा, आणि निघालेला कचरा शेतात किंवा चुलीत टाकू नये. शंका असेल तर पाळणा शोभेला ठेवावा, बाळाला त्यात घालू नये.

आपल्या हवामानाविषयी परगावच्या पुस्तकांत काही सापडत नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. मे महिन्यात भोकरदन-जाफराबादकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. दोन महिन्यांत तीच हवा दमट होते. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला फुगते आणि आकसते. चौरंगाच्या रुंद फळीला उन्हाळ्यात पडलेली फट श्रावणात बरीचशी मिटते. ही फट मे महिन्यात पुट्टी भरून किंवा पाचर ठोकून बुजवली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही आणि ती दुसरीकडे, बहुधा सांध्यापाशी, फाटते. म्हणून फट दिसली की एक पावसाळा जाऊ द्यावा. जुने सुतार रुंद फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवत, तिला गोंद लावत नसत, ते यासाठीच. आपण ‘हलते आहे’ म्हणून चारी बाजूंनी चिकटवतो आणि त्याच वर्षी ती चिरते.

भुंगेऱ्याच्या बाबतीत घाबरून जायचे कारण नाही. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, बाहेरचे पांढरट लाकूड तो खातो. भोके दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असेही नाही. वस्तूखाली काळा कागद अंथरून महिनाभर ठेवावी, रोज पाहावे. ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तरच उपाय करावा. रॉकेल ओतण्याची पद्धत सोडून द्यावी. तिने लाकूड तेलकट होते, वर पॉलिश धरत नाही आणि आगीचा धोका वाढतो.

कुजलेला भाग कापावा लागतोच, तेव्हा ठिगळाला जुनेच सागवान वापरावे, रेषांची दिशा जुळवून. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड आज तालुक्याच्या गावी वजनावर विकले जाते, हे पाहताना जीव तुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती ढासळल्या, पण कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा तगून राहिला होता. ज्या लाकडाने हे सोसले ते भट्टीत जाण्यापेक्षा एखाद्या पेटीचा तळ म्हणून राहिले तर बरेच. ठिगळाचा रंग जवळपास जुळवावा, पण दडवू नये. मागच्या बाजूला पेन्सिलीने साल आणि केलेले काम लिहावे. शिसवीच्या बाबतीत तर जुन्या लाकडाला पर्यायच उरलेला नाही असे समजा. शिसवीच्या सगळ्या जातींचा २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत समावेश आहे. १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे. परदेशातल्या मुलाकडे आजीचा देव्हारा पाठवायचा बेत असेल तर आधी चौकशी करावी.

ज्यांना नजर तयार करायची आहे त्यांनी पुण्याला केळकर संग्रहालयात एक दिवस काढावा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली ती राजेरजवाड्यांच्या सिंहासनांपेक्षा अडकित्ते, दिवे, दारे, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी यांपासून. १९७५ मध्ये तो सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. तिथल्या दारांकडे पाहताना लाकडाची झीज कुठे आहे ते शोधा. हात लागतो तिथे ते गुळगुळीत, उंबऱ्याशी खरबरीत, कडीच्या मागे अर्धगोल घासलेले. ती झीज नीट ओळखता आली की आपल्या पेटीवरची कुठली खूण ठेवायची आणि कुठली पुसायची याचा निर्णय सोपा जातो.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील, अपवाद फक्त पहिल्या दोहोंचा. ती तपासणीची आहेत, आणि त्यांत एकही हत्यार उचलायला सांगितलेले नाही. वस्तू चारी बाजूंनी, खालून, आतून मोबाइलवर टिपा, सुटे भाग सुतळीने बांधून त्यावर नंबराची चिठ्ठी लावा, बिजागरीचा प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकाच्या नंबरासह वेगळ्या पुडीत ठेवा. पितळी कड्या चिंचेने लखलखीत करायचा मोह टाळा, त्यांचा जुना रंग लाकडाच्या रंगाशी जुळलेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ही कुणी केली, कुठल्या लाकडाची, कुणाच्या लग्नात आली, आणि उत्तरे लिहून झाकणाच्या आत चिकटवा. सुरुवात पाटापासून करावी. त्यात एक फळी, दोन आडव्या पट्ट्या आणि चार खुंट्या एवढेच असते, आणि लाखेचे तीन हात देईपर्यंत बोळा किती ओला हवा हे बोटांना कळू लागते. पेटी त्यानंतर घ्यावी, आणि पाळणा सर्वांत शेवटी.